पाटी पुसू न देणारे मास्तरसाब

आमच्या मुरुमच्या शाळेत एक मास्तर असे होते, की पोराचं उत्तर चुकलं की त्यांना आनंद व्हायचा. ऐकायला हे बरं वाटतं. ज्याचं उत्तर चुकलंय त्याला विचारा.

मारणारा मास्तर परवडतो. छडी खाल्ली, हात काखेत दाबला, नाक ओढलं, संपलं. हे मास्तरसाब चूक दिसली की शेजारी येऊन उकिडवे बसायचे, पाटी दोन्ही हातांनी जपून उचलायचे आणि म्हणायचे, "वा! दाव, दाव. कुठं घसरलीस?" मग ती चूक सगळ्या वर्गाला वाचून दाखवायची आणि आपण कुठं घसरलो ते आपल्याच तोंडानं सांगायचं. त्यापेक्षा छडी बरी, असं मला रोज वाटायचं. शाळेची वेळ झाली की माझं पोट दुखायला लागायचं, आणि ते खरोखर दुखायचं. आत्या ओव्याचं पाणी पाजायची आणि म्हणायची, "हिच्या पोटात साळा बसलीय."

ते परांड्याकडचे. तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमच्या शाळेला तहतानिया म्हणत, म्हणजे आपली चौथीपर्यंतची शाळा. मास्तरसाब आले ते उर्दू शिकवायला, पण दुसरा मास्तर मुरुमात टिकेना, म्हणून गणितही त्यांच्याच गळ्यात पडलं. अंगात रंग उडालेली शेरवानी, डोक्यावर गोंडा तुटलेली तुर्की टोपी, बोलणं निम्मं मराठी, निम्मं दखनी. लहान मुलींना ते 'माय' म्हणायचे. मला कुणी माय म्हटलं की मी आणखीच आक्रसून बसायची, कारण त्यापाठोपाठ प्रश्न येणार हे ठरलेलं असायचं.

एवढा भित्रा माणूस मी गावात दुसरा पाहिला नाही. मोकळा बैल दिसला की ते दुसऱ्या गल्लीनं जायचे. वीज कडाडली की बोलता बोलता थांबायचे आणि ती पुन्हा कडाडते का याची वाट बघायचे. शाळेला कुलूप लावून मारुतीच्या देवळापर्यंत गेले की परत यायचे, कुलूप ओढून बघायचे, मग पुन्हा जायचे. कधीकधी देवळापासून दुसऱ्यांदाही परत यायचे. आणि यातलं काही लपवायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. "मेरेकू लई डर लागतो बाबा," असं ते सरळ पोरांना सांगायचे. मोठ्या माणसालाही भीती वाटते हे मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं. ऐकून धीर यावा, तर उलट माझ्या तोंडचं पाणी पळालं. मास्तरच घाबरतो म्हटल्यावर आपण कुणाकडं बघायचं?

त्यांच्याआधी आमची रीत वेगळी होती. गणित चुकलं की पाटीवर थुंकी टाकायची, तळहात फिरवायचा, की चूक गेली. या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. लिहिता लिहिता पुसायचं मला इतकं साधलं होतं, की माझ्या पाटीवर आकडा असा कुणी पाहिलाच नव्हता. परकराचा काठ तेवढा कायम मळकट असायचा. मास्तरसाबांनी आल्या आल्या पाटी पुसायलाच बंदी केली.

"नक्को, नक्को! पुसू नक्को!" एखाद्याचा हात नुसता तोंडाकडं गेला तरी ते धावत यायचे.

नियम असा, की दिवसभरात जे लिहाल ते पाटीवर राहील. चुकलं तर त्यावर बारीक आडवी रेघ मारायची आणि शेजारी पुन्हा मांडायचं. शाळा सुटली की दाराजवळच्या रांजणापाशी रांग लावून सगळ्यांनी पाट्या धुवायच्या आणि कोऱ्या पाटीनं घरी जायचं. "गलती पुसली तर ती कुठं गेली कळत न्हाय," ते म्हणायचे, "आन उद्या त्याच वाटंनं परत येती." शाळेच्या मधल्या वेळात ते एकटेच आमच्या पाट्या पालथ्या-उलथ्या करत बसायचे. शेतातला माणूस माग काढत जातो तसं बोट फिरवत जायचे आणि मधेच स्वतःशी मान हलवायचे.

'हुशार' हा शब्दही वर्गात बोलायचा नाही. 'ढ' तर नाहीच. आता आमच्या वर्गात हुशार एकच, पाटलाचा पोरगा. प्रश्न संपायच्या आत त्याचं उत्तर तयार. मागच्या मास्तरांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. मास्तरसाबांनी मात्र त्याला शाबासकी द्यायची सोडून त्याला न येणारी गणितं शोधून काढायला सुरुवात केली. पोरगं आधी चिडलं, मग रडलं, मग त्यानं पेन्सिलच मोडून टाकली. दुसऱ्या दिवशी पाटील शाळेत हजर.

"मास्तरसाब, आमचं पोरगं हुशार हाय म्हून आख्खा गाव म्हंतो, आन तुमी त्याला रडवताय व्हय?"

मास्तरसाबांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. खुर्ची थरथरत होती ती आम्हाला सगळ्यांना दिसत होती. "पाटील," ते म्हणाले, "सोपं सोपं देऊन मी रोज वाहवा करीन. मेरेकू काय जड हाय? पण मग अवघडाची डर बसंल त्याला. माझ्यावानी."

 भांडायला आलेल्या माणसापुढं दुसऱ्यानं स्वतःलाच भित्रा म्हटल्यावर भांडण पुढं कसं न्यायचं? पाटील मिशीवरून हात फिरवत निघून गेले. पोरगं अवघडच गणितं सोडवत राहिलं.

मास्तरसाबांचं विहिरीचं वेड त्याच उन्हाळ्यातलं. त्यांना पोहता येत नव्हतं, आणि पाण्याचं तर त्यांना बैलापेक्षा भ्या. वर्गात म्हशी राखणारा एक पोरगा होता. त्याला बेरीज यायची नाही, पण विहिरीत तो बेडकासारखा. एक दिवस मास्तरसाबांनी त्याला विचारलं, "बाबा, मला शिकवशील का?" गाव हसून लोळलं. पन्नाशीचा माणूस, पाठीला सुका भोपळा बांधून, कमरेला दोर लावून, विहिरीच्या पायरीवर लटपटत उभा, आणि खाली पाण्यात त्यांचाच विद्यार्थी ओरडतोय, "सोडा की हात! मास्तरसाब, पाय मारा पाय!" आम्ही पोरी काठावरून बघत होतो. मी बघतही नव्हते, डोळे मिटून दोर धरलेल्या माणसांचे आवाज ऐकत होते. आता बुडतील, आता बुडतील, एवढंच माझ्या मनात.

ते वर आले, नाकातोंडातलं पाणी काढलं आणि पहिलं काय बोलले, तर, "मी कुठं घसरलो?"

 "तुमी पान्याला धरायला बघताय," पोरगा म्हणाला. "पानी धरायचं नसतंय."

"हौ," मास्तरसाब म्हणाले, आणि पुन्हा पायऱ्या उतरायला लागले. त्या पोराला आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यानं बेरजेत कुठं अडतंय ते आपण होऊन मास्तरसाबांना सांगितलं. उन्हाळा संपेपर्यंत मास्तरसाबांना समोरच्या भिंतीपर्यंत कसंबसं जाता यायला लागलं, तेही डोळे पांढरे करून.

हे सगळं इतरांचं. माझं काय झालं ते वेगळं.

आमचा तेलाचा घाणा होता. आबा करडीचं तेल काढायचे. मला आई नव्हती, आत्या घर बघायची. घाण्याच्या बैलामागं बसायला माणूस हवा होता आणि आत्याच्या मते तो माणूस म्हणजे मी. "पोरीच्या जातीला काय करायचीय साळा?" ती आबांना म्हणायची. "आन हिच्या डोस्क्यात शिरतंय तरी काय? पालथ्या घागरीवर पानी. दोन सालं झाली तिसरीतच हाय." आबा फार बोलत नसत. पण त्या वर्षी दिवाळीनंतर ते म्हणाले, "तालीमखात्याचं सायेब साळंच्या तपासनीला येतेत. त्येंच्यापुढं पास झाली तर जाऊ दे. न्हाई तर घाण्यावर बसंल." आत्या म्हणाली, "सबूद?" आबा म्हणाले, "सबूद."

तेव्हापासून मला झोप लागेना. शाळा मला आवडत होती अशातला भाग नाही. पण घाण्यावर बसलेली बाई मी पाहिली होती, शेजारच्या गल्लीतली. बैलाच्या मागं फिरून फिरून तिची मान एका बाजूला कलली होती, ती रस्त्यानं चालतानाही तशीच चालायची. मला ती स्वप्नात दिसायची. आणि तिसरीत मी अडकले होते ती हातच्याच्या वजाबाकीपाशी. साधी वजाबाकी यायची. मधे शून्य आलं की चुकलंच.

साहेब कधी येणार ते कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. आज कळायचं, तुळजापुरात आलेत. उद्या कुणी सांगायचं, उमरग्याला मुक्काम आहे. मग, नाही, परत गेले. मास्तरसाबांचं कुलूप ओढणं वाढलं. तपासणीत शेरा वाईट पडला तर बदली होते, कधी पगारही तुटतो, हे आम्हा पोरांनाही माहीत होतं. भिंतीला पोतेरं झालं, रांजण घासला, निजामसरकारच्या तसबिरीवरची धूळ रोज पुसली जायची. पाट्या तेवढ्या नेहमीसारख्या घाण.

आणि साहेब आले, अगदी भर दुपारी. वेशीजवळ मोटार थांबल्याचं सांगत एक माणूस पळत आला. मास्तरसाब टोपी सारखी करत त्यांना आणायला धावले. वर्गात आम्ही एकटेच. पाट्या सकाळपासूनच्या, रेघा मारलेल्या, खच्चून भरलेल्या.

पाटलाचा पोरगा उठून उभा राहिला. "अरे, सायबानं ह्या पाट्या बघितल्या तर मास्तरसाबाची नौकरी जाईल. पुसा! पुसा समदं!"

कुणीही दुसऱ्यांदा सांगायची वाट बघितली नाही. एवढ्या दिवसांनी सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. थुंक्या पडल्या, तळहात फिरले, पाट्या काळ्याभोर झाल्या. त्यानं भराभर फळ्यावरच्या गणितांची उत्तरं सांगितली, पोरांनी भराभर लिहिली. हे सगळं प्रेमापोटी चाललं होतं. तो माझ्यापाशी आला तेव्हा बाहेर पायताणं वाजायला लागली होती. माझ्या पाटीवर ठेवण्यासारखा एकही आकडा नव्हता. "झाक! झाक ती!" तो म्हणाला, आणि मी पाटी मांडीखाली घेऊन बसले.

साहेब उंच, चष्मा लावलेले, घामानं त्रासलेले. ओसरीवर गावची माणसं जमली होती, त्यात तेलकट धोतरातले आबाही दिसले. साहेबांनी पहिली पाटी बघितली, दुसरी बघितली, तिसरी बघितली. सगळ्या स्वच्छ, सगळी उत्तरं बरोबर. "शाबाश!" ते म्हणाले. ओसरीवर कुजबुज झाली. मागोमाग मास्तरसाब पाट्या बघत येत होते. त्यांचा चेहरा मी बघितला. आधी त्यांना काही समजेना, मग समजलं, आणि मग रंगच उडाला.

आता गप्प बसायचं, एवढंच काम होतं. मी मनात म्हणत होते, मास्तरसाब, गप बसा. तुम्ही तर एवढे भित्रे, आज तरी भ्या ना.

"हुजूर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला, "ये पाट्या खरी नहीं हैं." घाबरून त्यांची मराठी आणि उर्दू एकमेकींत शिरली होती. पोरांनी आपल्यावरच्या मायेनं चुका पुसल्या, असं काहीतरी त्यांनी सांगितलं. मग त्यांची नजर माझ्या परकराच्या काठावर गेली. तो कोरडा होता, म्हणजे मी पुसलेलं नव्हतं. "माय," ते म्हणाले, "तुझी पाटी?"

मी पाटी काढली. देताना ती माझ्या हातून सुटतच नव्हती.

पाचशे तीनातून दोनशे अडुसष्ट वजा करायचे होते. मी तीनदा केलं होतं. आधी तीनशे पासष्ट, मग तीनशे पंचेचाळीस, मग दोनशे पंचेचाळीस. साहेबांनी चष्मा वर केला. "तीनों गलत."

"जी हुजूर, तीनों गलत," मास्तरसाब म्हणाले. "मगर एक जैसी गलत नहीं." आणि सवयीनं, साहेब उभे असताना, ते माझ्याजवळ उकिडवे बसले. "सांग माय. कुठं घसरलीस?"

ओसरीवर आबा उभे.   मास्तरसाबांचे गुडघे थरथरताना मला अगदी जवळून दिसत होते, आणि मी साहेबांकडं बघायचं सोडून त्या गुडघ्यांकडं बघत बोलायला लागले.

"पयल्यांदा म्या हातचाच घेतला न्हाय. वरचा लहान होता तर उलटं वजा केलं."  "दुसऱ्यांदा घेतला, पण पाचाचा चार करायला विसरले. तिसऱ्यांदा चार केला." मग मी थांबले. पाटीवरच्या शून्याकडं बघत राहिले. "शून्याकडं काईच नव्हतं. त्यानं शेजाऱ्याकडून दहा आणले. त्यातला एक इकडं तिनाला दिला. आन म्या मात्र त्याच्याकडं दहाच धरले."

"तो कितने रहे?" साहेबांनी विचारलं.

मी बोटांवर मोजायला लागले. आता उत्तर समोर होतं. मी पेन्सिल उचलली, शून्याच्या डोक्यावर नवाचा आकडा काढायला घेतला, तेवढ्यात साहेबांनी खिशातलं घड्याळ बघितलं. "वक्त नहीं है," असं म्हणून ते पुढं गेले. मी नापास. दोनशे पस्तीस लिहून झालं तेव्हा ते पार ओसरीवर पोचले होते.

साहेब गेल्यावर मास्तरसाब पोरांना रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पाटलाचा पोरगा मान खाली घालून उभा होता. ते त्याला म्हणाले, "माझ्यासाठी केलंस, मेरेकू म्हाईत हाय. पण आता कसं कळणार मला, कोण कुठं अडकलंय?"  शेरा वाईटच पडला. थोड्याच दिवसांत त्यांची बदली झाली सोनारीकडं, आणि मला ते पुन्हा कधी भेटले नाहीत. म्हातारपणी आता मला त्यांची आठवण येते ती त्या 'हुजूर' म्हणतानाच्या फाटक्या आवाजाची. शूर माणसं मी पुढं पुष्कळ बघितली. पण एवढी भीती वाटत असताना खरं बोलणारा माणूस मला दुसरा भेटला नाही, आणि मला ते फार आवडायचे, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

पण तपासणीच्या त्याच दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास, ते आमच्या घाण्यावर आले होते. कुणाच्या दारी ते जात नसत. टोपी हातात, बैलापासून जेवढं लांब राहता येईल तेवढं लांब. माझ्यासाठी रदबदली करायला आले होते हे उघड होतं. मी दाराआड उभी होते. 

"या मास्तरसाब, टेका," आबा म्हणाले. "पोर नापास झाली म्हनं."

"हौ. झाली."

आत्या आतून म्हणाली, "मग दादा, सबूद दिलावता तुमी."

आबांनी बैलाला थांबवलं. हात पुसले. मग मला हाक मारली. मी बाहेर आले, आणि मला वाटलं, आता बैलाचा कासरा हातात देणार. आबा म्हणाले, "ते शून्याचं काय बोलत होतीस सायबापुढं? मला काई उमगलं न्हाय. सांग बरं."

मी मास्तरसाबांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. मी खाली बसून करडीच्या दाण्यांचे ढिगारे मांडले आणि सांगायला लागले. आबांना बोटांवरचा हिशेब यायचा, पण आकडे मांडून कधी केलेलं नव्हतं. ते दाणे इकडून तिकडं सरकवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "म्हंजे दहाच उरले."

"न्हाय आबा, चुकलात," मी म्हणाले.

आत्यानं पदर तोंडाला लावला. आमच्या घरात आबांना असं कुणी म्हटलेलं नव्हतं. आबांनी माझ्याकडं बघितलं. मग दाणे पुन्हा गोळा केले आणि पहिल्यापासून मांडायला घेतले. मास्तरसाब बैलाला विसरून त्यांच्या शेजारी उकिडवे बसले होते.

"आन मग उद्यापासनं हिला घाण्यावर बसवायची ना?" आत्यानं विचारलं.

"मला अजून हे जमंना," आबा मान वर न करता म्हणाले. "जमंस्तवर जाऊ दे तिला साळंत."

मी त्यापुढच्या वर्षी तिसरी पास झाले, मग चौथी झाले, मग सोलापूरला मावशीकडं राहून सातवी केली. आत्या दर वर्षी उन्हाळ्यात आबांना विचारायची, जमलं का, आणि अख्ख्या मुरुमचा तेलाचा हिशेब तोंडी ठेवणारे आबा दर वर्षी तिला म्हणायचे, "अजून न्हाय."